पहाटेचे तीन खड्डे: १९.८ किलोहर्ट्झवरचा दूरचा सिग्नल

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका परवानाधारक हौशी रेडिओवाल्या मित्राने नोव्हेंबरपासून लॅपटॉपच्या साउंड कार्डला लूप अँटेना जोडून ऑस्ट्रेलियाच्या नॉर्थ वेस्ट केप इथल्या रेडिओ केंद्राचा, म्हणजे एनडब्ल्यूसीचा १९.८ किलोहर्ट्झचा सिग्नल नोंदवायला सुरुवात केली. दिवसा रेघ सपाट राहते. रात्री ती वर जाते, पण डुलते. जानेवारीच्या मध्यावर रोज पहाटे पावणेचार, पाचला दहा कमी आणि सहाच्या सुमाराला सिग्नल जवळजवळ नाहीसा होतो आणि परत येतो. त्यांना लूज कनेक्शनचा संशय आला. त्यांनी केबल बदलली, प्लग नव्याने डाख दिले, पण खड्डे होते तिथेच राहिले. शिवाय एका दुपारी सिग्नल पाच मिनिटांत चढला आणि तासाभराने सावकाश ओसरला. यंत्रात दोष आहे का, आणि याच तयारीवर युरोपातले हौशी रेडिओवाले १३६ किलोहर्ट्झवर ऐकू येतील का, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या भागाचे उत्तर लगेच देतो. तुमच्या यंत्रात काहीही बिघडलेले नाही. लूज कनेक्शन रोज घड्याळ पाहून सुटत नाही. तुम्ही जे नोंदवले आहे ते या छंदातले मला सर्वांत आवडणारे दृश्य आहे, आणि त्या तीन खड्ड्यांमधून एक मोजमाप निघते, ते पुढे करूनच दाखवतो.

आधी हा सिग्नल येतो कसा ते पाहू. १९.८ किलोहर्ट्झची तरंगलांबी सव्वापंधरा किलोमीटरला जराशी कमी आहे. जमिनीपासून सत्तर ते नव्वद किलोमीटर उंचीवर आयनांबराचा, म्हणजे वातावरणातल्या विद्युतभारित कणांच्या पट्ट्याचा, सर्वांत खालचा थर असतो, त्याला डी थर म्हणतात. शॉर्टवेव्हवाले या थराला नावे ठेवतात, कारण तो दिवसा त्यांचे सिग्नल गिळतो. आपल्या फ्रिक्वेन्सीला मात्र तो छतासारखा आहे. खाली समुद्र, वर हे छत, आणि दोहोंमधली उंची जेमतेम पाचसहा तरंगलांब्यांची. त्यामुळे लहर आकाशात उडी मारून खाली येते हे शॉर्टवेव्हचे चित्र इथे डोक्यातून काढून टाका. इथे लहर बोगद्यातून सरकत जाते. पुणे ते नॉर्थ वेस्ट केप हे अंतर सुमारे ६,३०० किलोमीटर, दिशा जवळजवळ नेमकी आग्नेय, आणि वाट बहुतेक सगळी हिंदी महासागरावरून. खारे पाणी उत्तम वाहक असल्याने बोगद्याची जमीन गुळगुळीत आहे. दर हजार किलोमीटरला दोनतीन डेसिबेलच घट होते. तिकडे प्रक्षेपकाची ताकद दहा लाख वॅट आणि मधला मनोरा ३८७ मीटर उंच. १९६७ पासून हे केंद्र पाणबुड्यांसाठी संदेश पाठवते आहे. तुमच्या गच्चीवरच्या एक मीटरच्या लूपमध्ये ते येते यात नवल नाही.

आता खड्डे. रात्री छत सुमारे ८७ किलोमीटरवर असते, दिवसा सूर्याच्या किरणांनी ते सत्तरच्या आसपास खाली येते. अशा बोगद्यातून लहर एकाच रीतीने जात नाही, तिच्या अनेक चाली असतात. दिवसा दुसरी चाल लवकर विरते आणि पहिलीच तुमच्यापर्यंत पोचते, म्हणून दिवसाची रेघ सपाट. रात्री पहिली आणि दुसरी दोन्ही टिकतात, पण त्यांचा वेग किंचित वेगळा असतो. गणपतीच्या मिरवणुकीत ढोलांच्या दोन रांगा जवळजवळ एकाच लयीत वाजत चालल्या आणि एक रांग जराशी पुढे सरकत राहिली, तर काही पावलांनी एकीचा ठोका दुसरीच्या दोन ठोक्यांच्या मध्ये पडतो, आणखी तितक्याच पावलांनी पुन्हा जुळतो. लहरींमध्ये असे झाले की एकीचा माथा दुसरीच्या खळग्यावर येतो आणि दोघी एकमेकींना पुसून टाकतात.

पहाटे काय घडते? ऑस्ट्रेलिया पूर्वेला, म्हणून तिकडे आधी उजाडते. उजेडाची कड समुद्रावरून पश्चिमेकडे, म्हणजे आपल्याकडे, सरकत येते. कडेच्या पलीकडे दिवस आहे, तिथून एकटी पहिली चाल निघते. कडेपाशी छत एकदम उंचावते आणि त्या पायरीवर लहरीचा काही भाग दुसऱ्या चालीत मोडतो. तिथून पुण्यापर्यंत उरलेल्या अंधारात दोन्ही चाली बरोबर येतात. हे उरलेले अंतर दर मिनिटाला कमी होत असते. ते अशा ठरावीक आकड्यांवर आले की दोन्ही चाली तुमच्या अँटेनापाशी नेमक्या उलट्या भेटतात आणि खड्डा पडतो. क्रॉम्बी या शास्त्रज्ञाने १९६४ मध्ये हे स्पष्टीकरण मांडले आणि आजही तेच धरले जाते.

आता मोजमाप. जानेवारीच्या मध्यावर नॉर्थ वेस्ट केपला सूर्य आपल्या घड्याळाने पहाटे ३:२३च्या सुमारास उगवतो, पुण्यात ७:०९ला. म्हणजे ६,३०० किलोमीटर ओलांडायला कडेला साधारण २२६ मिनिटे लागतात, मिनिटाला जवळपास २८ किलोमीटर. (डी थर उंचावर असल्याने तिथे जमिनीपेक्षा सुमारे अर्धा तास आधी उजाडते, पण तो अर्धा तास दोन्ही टोकांना सारखाच असल्याने वेग बदलत नाही. म्हणूनच तुमचा शेवटचा खड्डा सूर्योदयाच्या तासभर आधी पडतो, याने गोंधळू नका.) तुमचे खड्डे साधारण सत्तर मिनिटांच्या अंतराने आहेत. २८ गुणिले ७० म्हणजे १,९६० किलोमीटर. दोन चाली एकदा उलट्या झाल्यावर पुन्हा उलट्या होईपर्यंत लागणारे हे अंतर, आणि वीस किलोहर्ट्झच्या आसपास ते दोन हजारांच्या जवळ असते हे संशोधकांच्या मोजमापांशी जुळणारे आहे. तुम्ही ते एका लूपने आणि लॅपटॉपने काढलेत. मला स्वतःला पहिल्यांदा हा गुणाकार जुळला तेव्हा मी वही बंद करून बराच वेळ नुसता बसलो होतो.

पण एवढ्यावर थांबू नका, कारण खरी परीक्षा जूनमध्ये आहे. २१ जूनच्या आसपास नॉर्थ वेस्ट केपला सूर्य आपल्या साडेचारला उगवतो आणि पुण्यात सहाला. चार तासांचा प्रवास दीड तासात होतो! कारण असे की पृथ्वीचा आस कललेला आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेची कड नैर्ऋत्य-ईशान्य अशी तिरपी असते आणि आपली वाट तिला काटकोनात छेदते. जूनमध्ये ती उलट बाजूला कलते आणि आपल्या वाटेला जवळजवळ समांतर होते, म्हणून सगळी वाट भराभर उजळते. माझा हिशेब सांगतो की तेव्हा तुमचे खड्डे अर्ध्या तासाच्याही आत एकमेकांना खेटून येतील. संध्याकाळी नेमके उलटे. डिसेंबरात संध्याकाळची कड दीड तासात निघून जाते आणि जूनमध्ये दुपारी सव्वातीनपासून सव्वासातपर्यंत रेंगाळते. मात्र संध्याकाळचे खड्डे पहाटेइतके खोल आणि रेखीव दिसत नाहीत. सूर्य उगवला की थर झटकन तयार होतो, मावळल्यावर तो हळूहळू विरतो, त्यामुळे पायरीचा उतार होतो. त्यातच जूनच्या संध्याकाळी ढगांचा गडगडाट. तरीही वर्षभराची नोंद ठेवा. एका महिन्याचा आलेख पाहून माणूस म्हणतो, असे होते. बारा महिन्यांचे आलेख एकाखाली एक लावले की पृथ्वीचा कल कागदावर दिसतो.

दुपारच्या त्या उडीकडे येतो. झटकन चढणे आणि सावकाश ओसरणे ही सौरज्वालेची खूण आहे. सूर्यावर ज्वाला उसळली की तिचे क्षकिरण आठ मिनिटांत पोचतात, डी थराच्या तळाशी इलेक्ट्रॉन वाढतात, छत खाली येते आणि त्याचा तळ जास्त घट्ट, जास्त चकचकीत होतो. लांबच्या वाटेवर बहुधा सिग्नल वाढतो. क्षकिरण थांबले तरी इलेक्ट्रॉन विरायला वेळ घेतात, म्हणून उतरण लांब असते. अमेरिकेच्या गोज उपग्रहांचा क्षकिरणांचा आलेख सर्वांना खुला आहे. तुमची वेळ यूटीसीत बदलून, म्हणजे साडेपाच तास वजा करून, त्याच्याशी ताडून पाहा. ज्वालांच्या ताकदीच्या चढत्या श्रेणी सी, एम आणि एक्स अशा असतात; सी श्रेणीच्या वरच्या टोकापासून पुढच्या ज्वाला आपल्यासारख्यांना ओळखता येतात, एम आणि एक्स तर ठळकच.

यात एक गोष्ट नवख्याला फसवते. मे २०२४च्या सौरवादळाच्या आठवड्यात ११ तारखेला आपल्या सकाळी ६:५३ला एक्स ५.८ची ज्वाला शिखरावर होती. पुण्यात सूर्य वर आलेला, ऑस्ट्रेलियात साडेनऊ वाजत आलेले, सगळी वाट उजेडात. १४ मेला त्याहून मोठी, एक्स ८.७ची ज्वाला झाली, पण आपल्या रात्री १०:२१ला. सगळी वाट अंधारात, त्यामुळे आपल्या रेघेवर तिचा मागमूस नाही. आलेखात काही दिसले नाही म्हणजे सूर्यावर काही झाले नाही असे समजू नये. आणि आलेखात काही दिसले म्हणजे ते सूर्यानेच केले असेही समजू नये. एनडब्ल्यूसी देखभालीसाठी तासन्‌तास बंद पडते, तेव्हा रेघ कड्यावरून पडल्यासारखी सरळ खाली जाते. म्हणून नेहमी दोन केंद्रे नोंदवा. आपल्याला दुसरे घरचेच आहे: तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणम इथे नौदलाचे आयएनएस कट्टबोम्मन, १९९० पासून कार्यरत, १८.२ किलोहर्ट्झ. पुण्याहून ते सुमारे १,२०० किलोमीटर, बराचसा जमिनीवरून. इतक्या जवळून ज्वालेच्या वेळी सिग्नल वाढण्याऐवजी घटूही शकतो, कारण तिथे दिवसाही एकाहून अधिक चाली पोचतात. दोन्ही रेघा एकाच मिनिटाला हलल्या तर कारण आकाशात शोधा. एकच हलली तर आधी त्या केंद्रावर संशय घ्या.

आता तुम्ही विचारले नाही पण सांगायलाच हवे ते. तुमच्या पाठवलेल्या वॉटरफॉलमध्ये, म्हणजे वेळेनुसार फ्रिक्वेन्सी दाखवणाऱ्या चित्रात, सिग्नलपेक्षा घरातली खरखर जास्त आहे. १९,८०० भागिले ५० बरोबर ३९६, बाकी शून्य. म्हणजे घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेचा ३९६वा गुणक नेमका एनडब्ल्यूसीच्या डोक्यावर बसतो. १८.२ किलोहर्ट्झवर ३६४वा. ओळखायची युक्ती सोपी आहे. वीजजाळ्याची फ्रिक्वेन्सी दिवसभर थोडी वरखाली होत असते. मुळात ०.०५ हर्ट्झ सरकली तरी ३९६व्या गुणकात ती वीस हर्ट्झ सरकते. जी रेघ नागमोडी डुलते ती तुमच्या भिंतीतली, आणि साधारण दोनशे हर्ट्झ रुंदीचा जो पट्टा जागचा हलत नाही तो ऑस्ट्रेलियाचा.

यावर माझा उपाय खर्चाचा नाही. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असते, त्या वेळी लॅपटॉप चार्जरशिवाय बॅटरीवर चालवून नोंद घ्या. शेजाऱ्यांचे इन्व्हर्टर सुरू असतील, तरीही पार्श्वभूमी किती खाली जाते ते पाहून तुम्हाला कळेल की तुमचा शत्रू किती मोठा आहे. मग वीज आल्यावर घरातली एकेक वस्तू बंद करून पाहा. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, राउटरचा अॅडॉप्टर, इन्व्हर्टर एसी हे नेहमीचे गुन्हेगार. गच्चीवर लूप ठेवला असेल तर लिफ्टच्या मशीन रूमपासून जितका दूर नेता येईल तितका न्या. टाकीच्या पलीकडचा कोपरा बहुधा बरा. लूपचे प्रतल आग्नेय-वायव्य ठेवा आणि मग थोडे फिरवून पाहा. सिग्नलचे शिखर बोथट असते, दहापंधरा अंश फिरवल्याने तो फारसा कमी होत नाही, पण काटकोनातली शांत दिशा मात्र धारदार असते. त्या दिशेत लिफ्टची खरखर पकडून बसवता आली तर अर्धे काम झाले. लांब तार किंवा उंच चाबकासारखा अँटेना इमारतीत लावण्याच्या मी विरोधात आहे. तो विद्युतक्षेत्र पकडतो, आणि इमारतीतली खरखर त्याच रूपात सर्वांत जास्त असते.

ही लढाई जुनी आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापे बिघडणार हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. काही काळ दोन्हीकडे एकत्र मोजमापे घेऊन मगच कुलाब्याचे काम थांबवले. अलिबागची नोंद आजही चालू आहे. तुम्हालाही एखादा आठवडा गावी, कोकणात किंवा मावळात, लूप घेऊन जाता आला तर जा, आणि अलिबागवाल्यांसारखे करा: आधी शेजारी ठेवून दोन्ही लूपची तुलना, मग स्थलांतर. तिथे गेल्यावर रात्री साउंड कार्डातून येणारा आवाज थेट हेडफोनवर ऐका. विजांच्या कडकडाटातून मधूनमधून पाखराने चिवचिव केल्यासारखे थेंब पडतील. त्यांना ट्वीक म्हणतात. हजारो किलोमीटरवरच्या विजेचा आवाज बोगद्यातून येताना ताणला जातो आणि शेवटी १.७ किलोहर्ट्झच्या आसपास थांबतो. त्याखाली लहरीची ही चाल या बोगद्यात मावतच नाही. थांबण्याच्या फ्रिक्वेन्सीने दीड लाखाला भागा, भागाकार म्हणजे छताची उंची किलोमीटरमध्ये. १,७२० हर्ट्झला उत्तर ८७ येते. कानाने आयनांबराची उंची मोजता येते, यापेक्षा जास्त काय हवे!

एप्रिल-मेच्या वळिवात आणि पावसाळ्यात मात्र ढग दिसताच केबल काढा आणि घराबाहेर टाका. यात हयगय नको.

शेवटी १३६ किलोहर्ट्झ. हा वेगळा खेळ आहे. १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ हा पट्टा २००७च्या जागतिक रेडिओ परिषदेत हौशींना जगभरासाठी मिळाला, आणि मर्यादा आहे एक वॅट प्रारित शक्तीची, म्हणजे अँटेनातून प्रत्यक्ष हवेत जाणाऱ्या शक्तीची. तरंगलांबी २,२०० मीटर, पाव लांबीचा अँटेना साडेपाचशे मीटर उंच हवा. म्हणजे घरामागच्या वीस मीटरच्या खांबाला शेकडो वॅट द्यावेत तेव्हा त्यातला एखादा वॅट हवेत जातो, बाकीचा जमीन आणि गुंडाळी तापवतो. तरीही २००१ मध्ये कॅनडा आणि इंग्लंड यांच्यात या पट्ट्यावर दुतर्फा संपर्क झाला, अतिसावकाश मोर्समध्ये, कित्येक रात्री खर्चून.

तिथे सगळी किमया वेळेची आहे. अडीच हजार हर्ट्झ रुंदीऐवजी अर्ध्या हर्ट्झमध्ये ऐकले तर खरखर पाच हजारपट, म्हणजे सदतीस डेसिबेल कमी होते. नव्या प्रकारच्या पल्सारच्या शोधासाठी १९९३चे नोबेल मिळालेले जो टेलर यांनी २००८ मध्ये विस्पर हा संदेश पाठवण्याचा डिजिटल प्रकार आणला, त्यात एक संदेश जवळजवळ दोन मिनिटे चालतो. आता एफएसटी४डब्ल्यूमध्ये तोच संदेश अर्धा तास ताणता येतो. किंमत म्हणून घड्याळ आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही स्थिर हवीत. तुमचे साउंड कार्ड ४८ हजारांच्या सॅम्पलिंगवर चोवीस किलोहर्ट्झपर्यंतच पोचते, त्यामुळे इथे एसडीआर, म्हणजे संगणकाच्या सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ, लागेल, आणि अर्ध्या तासाच्या प्रकारासाठी जीपीएसने बांधलेला ऑसिलेटर.

पण थेट १३६वर जाऊ नका. आधी मोठे दिवे दिसतात का ते पाहा. चीनचे ६८.५ किलोहर्ट्झचे वेळ-केंद्र पुण्याहून साडेचार हजार किलोमीटर, जर्मनीचे ७७.५, आणि फ्रान्सचे १६२ किलोहर्ट्झ, जे सात हजार किलोमीटरवर असले तरी शेकडो किलोवॅटचे आहे. १६२ची बारीक रेघसुद्धा रात्री दिसत नसेल, तर एक वॅटवाला जर्मन हौशी दिसणार नाही, आणि दोष त्याचा नसेल. या फ्रिक्वेन्सीवर दिवसाचा डी थर लांबच्या वाटेवर फार खातो, म्हणून दोन्ही टोकांना अंधार हवा. डिसेंबरात जर्मनीत आपल्या रात्री नऊच्या सुमाराला अंधारते आणि पुण्यात सातला उजाडते: जवळजवळ दहा तास. जूनमध्ये तोच वेळ पाच तासांच्या आत येतो, त्यात मोसमी विजांची खरखर. तेव्हा नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी हाच हंगाम धरा, आणि मोठ्या चुंबकीय वादळानंतरचे काही दिवस वाया जाणार हे गृहीत धरा. प्रक्षेपणाचा विचार असेल तर आधी स्वतःच्या परवान्यातला पट्ट्यांचा तक्ता वाचा.

या दोन खेळांच्या मध्ये एक सोपा मेळ आहे. स्वीडनमधल्या ग्रिमेटनचे १९२४चे यांत्रिक प्रक्षेपक, ज्यात निर्वात नळी नाही की ट्रान्झिस्टर नाही, एक चाक फिरते आणि १७.२ किलोहर्ट्झ तयार होतात, ते जूनअखेरच्या किंवा जुलैच्या पहिल्या रविवारी आणि नाताळच्या आदल्या दिवशी साध्या मोर्समध्ये हवेवर येते. अंतर सुमारे ६,६०० किलोमीटर, एनडब्ल्यूसीइतकेच, पण शक्ती फार तर दोनशे किलोवॅट आणि वाट जमिनीवरून. तुमचे आत्ताचेच साउंड कार्ड पुरेल, फक्त लूप आग्नेयऐवजी वायव्येकडे पाहतोय असे समजा. सुदैवाने ती एकच रेषा आहे, लूप हलवायचीही गरज नाही.

पुढचे आलेख पाठवाल तेव्हा वेळ यूटीसीत लिहा, लूपची दिशा नोंदवा, आणि वीज गेलेल्या गुरुवारचा आलेख नक्की जोडा. मार्चचे विषुवदिन गाठून पहाटेचे खड्डे किती मिनिटांवर आले ते मला बघायचे आहे.